ज्योतीरामचं वेगळं ताट

ज्योतीराम महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटीला होता, आणि हा बाबा क्वालिटी कंपनीत ठेवून घरी येत नसे, हेच त्याच्या बायकोचं, भाग्यश्रीचं, दुखणं. दूध उतू गेलं तरी ओट्याशी उभा राहून विचारणार, "का उतू गेलं?" गॅस मोठा होता. "का मोठा होता?" फोन आला. "कुणाचा?" तुमच्या आईचा. मग चौकशी तिथंच बंद. कंपनीत ह्याला व्हाय-व्हाय म्हणतात. पाच वेळा 'का' विचारलं की दोषाचं मूळ सापडतं म्हणे. कधी त्याच्या बाहीला एखादा हिरवा गोल स्टिकर चिकटून यायचा, पास झालेल्या मालाला लावतात तो. भाग्यश्री तो नखानं काढून म्हणायची, "चला, आज एक नग तरी पास झाला."

अशा माणसाच्या बायकोचा एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला.

भाग्यश्री मोशीत बायकांना स्कूटी शिकवायची. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी बायकांसाठी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी ठेवली होती, वर समोसा होता, म्हणून हीही गेली. काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. विषाणू सापडलाय, कॅन्सर नाही, घाबरू नका, पण एकदा दुर्बिणीतून बघून घेऊ, येताना मिस्टरांना आणा. हा संबंधातून येतो का, ह्या प्रश्नाला पलीकडून 'हो' आलं. भाग्यश्रीनं ऐकलं तसं सगळं नवऱ्याला सांगून टाकलं. चोरी केली नव्हती, मग लपवायचं कशाला?

आणि गंमत बघा, दुधाला पाच 'का' विचारणाऱ्यानं ह्या बातमीला एकही विचारला नाही. "बरं," म्हणाला, आणि तंबाखू मळत बाल्कनीत गेला.

दुसऱ्या दिवशी त्याचा टॉवेल वेगळ्या खिळ्यावर. मग साबण वेगळा. मग ताट, वाटी, तांब्या वेगळा, स्वतः घासून मोरीच्या कोपऱ्यात पालथा घातलेला. शेवटी सतरंजी उचलून हॉलमध्ये झोपायला गेला. का, तर आतल्या पंख्याचा आवाज येतो. लग्नाला आठ वर्षं झाली, तोच पंखा, आणि आवाज आत्ता यायला लागला.

भाग्यश्री काही ऐकून घेणारी बाई नव्हती. स्कूटीला आडवा आलेला रिक्षावाला ती भर चौकात गप्प करायची. पण त्या पालथ्या ताटापुढं तिला शब्द फुटेना. ह्याला आपली किळस येते, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. नाहीतर त्याहून वाईट: दिवसभर बाहेर हिंडते, कुठंतरी शेण खाल्लं असेल, असं वाटतंय ह्याला. विचारलं असतं तर तिनं तोंडावर उत्तर दिलं असतं, पण न विचारणाऱ्याला काय सांगणार? एकटी असली की ती रडायची. जेवायला मात्र त्याच्या त्या वेगळ्या ताटात भाकरी-ठेचा वाढायची, ठेच्यात मिरच्या दुप्पट. तो नाक पुसत मुकाट्यानं खायचा. तेही तिला आवडेना.

दवाखान्यात जायच्या दिवशी ती हिरवा ड्रेस घालून, हिरवी टिकली लावून अगदी भांडायच्या तयारीनं निघाली. आज डॉक्टरांसमोरच काय तो निकाल लावायचा, असं तिनं ठरवलं होतं. स्कूटी तीच चालवत होती. ज्योतीराम मागं बसला होता, मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडून.

डॉक्टर विजयश्री वयानं पोक्त, बोलायला सडेतोड. त्यांनी भाग्यश्रीला दुर्बिणीतून तपासलं. "काळजीसारखं काही दिसत नाही. वर्षानं परत तपासू, आणि चुकवायचं नाही." भाग्यश्रीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि नवऱ्याकडं बघितलं. आता बोलायचं.

पण तोच आधी बोलला. "मॅडम, आता मला तपासा."

"तुम्हाला काय झालंय?"

"दोष माझ्याकडून गेलाय. शेवटी खराब नग निघाला की आमी लाइनवर मागं मागं जातो. तसा गेलो. हिच्या मागं काही न्हाई. माझ्या मागं हाय." त्यानं मान खाली घातली. लग्नाआधी रांजणगावला नोकरीत असताना एक मुलगी होती, दोघं लग्न करणार होते, तिच्या घरच्यांनी मोडलं. "म्हणून ताट वेगळं केलं, अंथरूण वेगळं केलं. हिला माझं अजून काही लागायला नको."

भाग्यश्रीला आत्ता उलगडा झाला. म्हणजे किळस तिची नव्हतीच. कंपनीत खराब माल बाजूला काढतात, तसा हा शहाणा स्वतःलाच बाजूला काढून बसला होता. तिला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटत होता.

"ती रांजणगावची ना? गालावर तीळ असलेली?" ती म्हणाली. "तुमच्या मित्रांनी मला हळदीच्या दिवशीच सांगितलंय."

आठ वर्षं जपलेलं गुपित असं शिळं निघाल्यावर ज्योतीरामचं तोंड उघडंच राहिलं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "हा विषाणू बहुतेकांना कधी ना कधी होऊन जातो. वर्षानुवर्षं शरीरात गप्प बसू शकतो. तुमच्याकडून आला का हिच्याकडून, कधी आला, कुणीच सांगू शकत नाही. ताटातून तर येतच नाही."

"पण माझी टेस्ट?"

"पुरुषांसाठी अशी नेहमीची टेस्ट नाही."

हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. "टेस्ट न्हाई? मग पास का नापास, कसं ठरवायचं?"

"ठरवायचंच नाही." तरी त्यांनी त्याला पडद्याआड नेऊन नीट बघितलं. ह्या विषाणूनं कधी चामखीळ येते, तसलं काही नव्हतं. कधी दिसली तर यायचं, म्हणाल्या. निरोध वापरला तर थोडा फरक पडतो, ते दोघांनी ठरवा. बाकी बहुतेक वेळा शरीरच निस्तरतं. "झोप लागते का?"

"न्हाई."

"कुणाशी बोललात?"

"न्हाई."

"मग खरं दुखणं ते. आणि खिशातली तंबाखूची पुडी टाका त्या टोपलीत. मूळ शोधायची हौस आहे ना, हे घ्या, कॅन्सरचं एक सापडलं."

परत येताना तो मध्ये जागा न सोडता बसला. सिग्नलला हळूच म्हणाला, "तुला माहीत होतं, तर कधी बोलली का न्हाईस?"

"दूध उतू गेलं नव्हतं म्हणून."

घरी आल्याआल्या तिनं त्याचं ताट मांडणीत आपल्या ताटावर ठेवलं. तो हॉलमध्ये सतरंजीपाशी घुटमळत होता. "टेस्टच न्हाई म्हणतात. म्हणजे माझा काही निकालच न्हाई."

भाग्यश्रीनं कपाळावरची हिरवी टिकली काढली आणि त्याच्या शर्टाच्या खिशावर चिकटवली.

"अगं, तपासल्याशिवाय हिरवं लावत नसतात."

"आठ वर्षं तपासतेय," ती म्हणाली. तिनं टिकली अंगठ्यानं नीट दाबली. "आणि ह्यापुढं पाच वेळा 'का' विचारा, दहा वेळा विचारा. पण मला विचारा."

ज्योतीरामनं मान हलवली. मग खाली वाकून सतरंजी गुंडाळली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली.