लाल गोळ्या

आमचे हे सुतार. रंधा मारताना त्यांना धाप लागायला लागली, चेहरा पांढरा पडला. मुलगी म्हणाली, "आई, बाबांचं रक्त तपासून घेऊ."

"आईला शहाणपण शिकवू नकोस," म्हणत मी औषधाच्या दुकानातून व्हिटॅमिनच्या सगळ्यांत लालभडक गोळ्या निवडून आणल्या. लाल गोळीनं रक्त वाढणार, एवढीच माझी अक्कल.

"डॉक्टरीणबाई, तुमचा शब्द कोण मोडणार?" हे हसले. तीन महिने त्यांनी एकही गोळी चुकवली नाही.

पुढे डॉक्टर म्हणाले, पोटातल्या गाठीतून रक्त जात होतं. आधी आला असतात तर गाठ काढता आली असती.

हे गेले, तेव्हा डबीत नऊ गोळ्या उरल्या होत्या. मुलीनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता, तर भांडले तरी असते.