बिजलीची मर्जी

बिजलीनं पुढचे दोन्ही पाय जुळवले, मान एकदा खाली-वर केली आणि रामदासपेठेतल्या चंपतराव संत्रेवाल्यांच्या फाटकासमोर ती उभी राहिली. फाटक सताड उघडं होतं. आत हिरवळ, हिरवळीवर टेबल, टेबलावर झेंडूचा हार आणि हाराशेजारी फोटोग्राफर. सकाळचे दहा वाजले होते. घोडीनं फक्त एक पाऊल टाकायचं होतं.

"चल वं," आनंदराव हळूच म्हणाला. दोरी त्यानं ओढली नाही, नुसती हातात धरली.

बिजली हलली नाही.

नाव बिजली असलं तरी ती आयुष्यात कधी धावलेली नव्हती. वीस वर्षं तिनं नागपुरातले नवरदेव वाहिले होते. तिचा मालक नत्थू घोडीवाला हिशेब सांगायचा अकराशे नवरदेवांचा. त्यातले शंभर त्याच्या तोंडचे म्हणून सोडून दिले तरी हजार उरतातच. एकदा इतवारीत दोन वराती एकमेकींत मिसळल्या, बँडवाले भांबावले, वऱ्हाडी भलत्याच मांडवात जेवून आले, पण बिजलीनं पाठीवर पेंगणारा आपला नवरदेव बरोबर त्याच्याच मांडवापाशी नेऊन उभा केला. त्या गृहस्थानं पुढं पहिल्या मुलीचं नाव बिजली ठेवायचं ठरवलं होतं म्हणतात. बायकोनं ठेवू दिलं का, हे कोणी सांगत नाही.

नत्थूचे गुडघे गेले आणि बिजलीचा मागचा खूर सुजला, दोन्ही एकाच उन्हाळ्यात. लेकीकडे जाताना त्यानं घोडी सक्करदऱ्याच्या भूतदया मंडळाच्या गोठ्यात आणून सोडली. तिथं राखणीला होता आनंदराव. मिलमधून नुकताच रिटायर झालेला, हातात काम नसलं की अस्वस्थ होणारा माणूस. आठ महिने त्यानं तिचा खूर शेकला, धुतला, बांधला. रोज सकाळी घरून निघताना त्याच्या खिशात एक गाठ मारलेला ओला रुमाल असायचा. रात्रीच बायजाबाई तो भरून ठेवायची. "कोणासाठी?" असं तिनं कधी विचारलं नाही, आणि घोडी पाहायलाही ती कधी आली नाही.

आज निघताना आनंदरावानं रुमाल घेतला नव्हता.

"आज काहून नाही नेत?" बायजाबाईनं विचारलं होतं.

"आज लोकाच्या घरी चालली ते," एवढं बोलून तो निघाला होता.

खूर बरा झाला की जनावर मंडळात ठेवायचं नाही, चांगलं घर पाहून द्यायचं, असा नियम होता. घोडीसाठी दोन अर्ज आले. चंपतरावांचा छापील कागदावर, कारणाच्या रकान्यात 'मुक्या जिवांची सेवा'. दुसरा आनंदरावाचा. त्यात कारणाचा रकाना कोरा होता. मंडळाचे सेक्रेटरी भैय्याजी यांनी दोन्ही अर्ज वाचले आणि चंपतरावांचा वर ठेवला.

"आनंदराव, तुमचं अंगण लहान पडते जी," ते म्हणाले होते, "अन् कारणही लिहिलं नाही तुम्ही."

"लिहिता नाही आलं साहेब."

सही करता येणाऱ्या, रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला चार शब्द लिहिता कसे आले नाहीत, हे भैय्याजींनी विचारलं नाही. आनंदरावानं दोन महिने खपून अंगणातल्या कडुलिंबाखाली टिनाचा आडोसा उभा केला होता, हेही त्यांना माहीत नव्हतं.

भैय्याजींनी घोडी द्यायच्या पाच अटी स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या. मारायचं नाही, बसायचं नाही, ओझं लादायचं नाही, विकायचं नाही. पाचवी त्यांची लाडकी होती: 'जनावर नव्या घरात आपल्या मर्जीने, सूर्यास्तापूर्वी, स्वतःच्या पायाने शिरले पाहिजे, न शिरल्यास पुढील अर्जदाराचा विचार व्हावा.' ही अट लिहिताना त्यांचे डोळे भरून आले होते. ती कधी उपयोगात येईल असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

साडेअकराला चंपतरावांनी संत्री मागवली. बिजलीनं फाटकाबाहेर उभं राहून अकरा संत्री खाल्ली. बघणाऱ्यांपैकी एकाचं म्हणणं पडलं की ती बिया वेगळ्या काढून थुंकत होती. बारावं संत्रं फाटकाच्या आत चार हातांवर ठेवलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"काहून गा, रुसली का घोडी?" एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून विचारलं.

"रुसन कशाले? बंगला पसंत नाही पडला तिले," दुसरा म्हणाला.

चंपतराव ऐकून न ऐकल्यासारखं करत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. ओसरीवर त्यांच्या पत्नी कुसुमताई सुपात डाळ निवडत बसल्या होत्या. त्या मधूनच मान वर करून फाटकाकडे पाहत आणि पुन्हा खडे वेचू लागत.

"वरातीची घोडी आहे," भैय्याजींना एकदम सुचलं, "बँडशिवाय कशी चालेल!"

चंपतरावांनी गाडी पाठवून बँड आणवला आणि चिडून दिवसभराचे पैसे मोजून टाकले. बँड वाजला मात्र, बिजलीच्या म्हाताऱ्या पायांत काहीतरी जागं झालं. ती जागच्या जागी ठुमकू लागली. रिक्षावाला नाचला, फोटोग्राफर नाचला, समोरच्या दवाखान्यातून बाहेर पडलेला, हाताला प्लॅस्टर घातलेला एक गृहस्थ एका हातानं नाचला. दोन अनोळखी बायांनी 'नवरदेव कोण?' म्हणून चौकशी केली. घोडी नाचत राहिली, पण तिचे खूर फाटकाच्या रेषेपुढं एक तसूही गेले नाहीत.

"नवरदेवच पायजे तिले!" गर्दीतून कोणी ओरडलं. "मालक, बसा तुम्हीच!"

चंपतरावांनी क्षणभर विचार केला असावा. त्यांचा हात टोपीकडे गेला.

"अट दोन," भैय्याजी खोकले. "बसायचं नाही."

दुपार कलली. भैय्याजी आनंदरावापाशी आले आणि घाम पुसत म्हणाले, "अहो, मंडळाच्या गोठ्यात कशी जाते ही?"

आनंदरावानं दोरीला आणखी एक वेढा दिला, मग तो सोडवला.

"जाते जी. आपल्या मर्जीनं जाते."

यात खोटं काहीच नव्हतं. तरी त्यानं मान वर केली नाही. दोरी हातात होती, आणि बाजूला पांढरी घोडी उभी होती. अशीच पांढरी घोडी एकोणीसशे अडतीस साली कुहीकडच्या एका गावाच्या वेशीवर उभी होती. आनंदराव बावीस वर्षांचा, डोक्याला बाशिंग. घोडी त्यानं मिलच्या पगारातून नागपुराहून आणली होती. वेशीवर चार काठ्या आडव्या झाल्या. तुमच्यातला नवरा घोडीवर कधीपासून बसायला लागला, असं कोणीतरी विचारलं. बाप हात जोडून पुढं झाला, तेव्हा आनंदरावच खाली उतरला. घोडी तिथूनच परत गेली. तो मांडवापर्यंत पायी गेला. हे कारणाच्या रकान्यात कसं लिहायचं असतं?

पावणेसहाला सूर्य बंगल्याच्या गच्चीमागं उतरला. भैय्याजींनी घड्याळ पाहिलं, आकाश पाहिलं आणि कागदाची घडी उलगडली. आपणच लिहिलेली अट त्यांनी मोठ्यानं वाचली. वाचताना या वेळीही त्यांचे डोळे भरून आले.

"दुसरा अर्जदार," ते म्हणाले, "आनंदराव."

चंपतराव व्यापारी होते. माल हातचा गेला की रडत बसायचं नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी हार स्वतःच्या हातानं बिजलीच्या गळ्यात घातला आणि फाटकाबाहेरच तिच्या शेजारी उभं राहून फोटो काढवून घेतला.

कुसुमताई पाण्याचा पेला घेऊन खाली आल्या आणि त्यांनी तो आनंदरावाच्या हाती दिला. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "माह्या लग्नात माह्या आईनं घोडीले ओली डाळ चारली होती. दारात उभी राहून, आपल्या ओंजळीतून. तवा कुठं घोडी मांडवात शिरली."

पेला आनंदरावाच्या ओठांपाशी थांबला. आज घरीच ठेवलेल्या रुमालातही रात्री भिजवलेली डाळच होती.

"ताई, तुमाले सकाळपासून माहीत होतं?"

"तुमाले नव्हतं?"

आनंदरावानं पाणी संपवलं. संपवायला त्याला बराच वेळ लागला.

"मंग बोलल्या काहून नाही जी?"

"लीद कोणी काढली असती? यांनी?" कुसुमताईंनी नवऱ्याकडे पाहून नुसती भुवई उंचावली. रिकामा पेला घेता घेता त्या म्हणाल्या, "अन् दिवसभर दोरी तुमच्या हातात होती. एकडाव ओढली नाही तुम्ही. ते पाहून राहिली होती मी."

बिजली वळली. तिला वळवावं लागलं नाही. बँडवाल्यांना दिवसभराचे पैसे मिळाले होते आणि त्यांची घरंही सक्करदऱ्याकडेच होती, तेव्हा तेही वाजवत मागं निघाले. कोणाची वरात, हे विचारत लोक दारांत आले आणि उत्तर न मिळाल्यामुळे बरोबर चालू लागले. एका चौकात ट्रॅफिकच्या हवालदारानं बस थांबवून घोडीला वाट दिली. बसमधले लोक सांगतात त्यानं सलामही ठोकला. निदान त्याचा हात टोपीपर्यंत गेला होता, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुढं आनंदराव चालत होता. सकाळी याच रस्त्यानं तो खाली मान घालून गेला होता. आता पानठेल्यावरच्या ओळखीच्या माणसांनीही त्याला चटकन ओळखलं नाही, इतका तो उंच दिसत होता.

वस्तीत दिवे लागत होते. पंचशील ध्वज लावलेल्या बुटक्या घराच्या अंगणाशी बिजली आली, पुढचे दोन्ही पाय जुळवले आणि थांबली. बँड आपोआप बंद पडला.

बायजाबाई दारातून बाहेर आली. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं होतं. ओंजळ भरलेली होती. हरभऱ्याची डाळ टपोरी फुगली होती. अशी फुगायला तिला सकाळपासूनचं पाणी लागतं.

अडतीस साली तिच्या आईनं अशीच ओंजळ भरून दारात वाट पाहिली होती. घोडी आलीच नाही, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्या डाळीचे वडे झाले. आनंदरावानं ते खाल्ले होते. त्याला वाटलं होतं, सासरची रीत असेल.

बायजाबाईनं घोडीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती उशीर केला वं बाई," ती म्हणाली आणि तिनं ओंजळ पुढं केली.

बिजलीचे ओठ तिच्या तळव्यावरून मऊ फिरत राहिले. बायजाबाईनं नवऱ्याच्या धुळीनं माखलेल्या पायांकडे पाहिलं.

"अन् तुम्ही? याही खेपेले पायीच आले?"

"पायीच आलो," आनंदराव म्हणाला. "पण या खेपेले घोडी आली ना."

बिजलीनं शेवटची डाळ उचलली, मान एकदा खाली-वर केली, आणि कोणी दोरीला हात लावायच्या आत अंगणात पाऊल टाकलं.