भिंतीवरच्या तारखा

माणसाची बदली करायला कंपनीला चार ओळींची मेल पुरते. त्याचं घर विकून द्यायचं म्हटलं की मात्र अठरा पानांचा फॉर्म येतो. छप्पर गळतं का, वाळवी लागली होती का, कुंपणावरून शेजाऱ्यांशी वाजलंय का. पोलीसही इतकं खोदून विचारत नाहीत. घेणाऱ्यापासून काही लपवलं नाही, असं शेवटच्या पानावर नवरा-बायको दोघांनी सही करून सांगायचं.

बदली झालेल्या भिंगसाहेबांनी त्यातली दहा पानं एका बैठकीत भरून टाकली. भिंगसाहेब हे त्यांचं कारखान्यातलं नाव. वापरातल्या यंत्रांचे सुटे भाग तपासायचं त्यांचं काम, आणि केसाएवढी चीरही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. चीर दिसली की तिच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ मारायची, शेजारी तारीख घालायची. पुढच्या तपासणीत चीर रेघेपलीकडे गेली तर भाग भंगारात. नाही गेली तर शेरा ठरलेला : किरकोळ, लक्ष ठेवा. असा हा माणूस अकराव्या पानावर अडला.

‘भिंतींना ओल आहे का? असल्यास प्रथम केव्हा लक्षात आली?’

ओल होती. मागच्या खोलीत, कपाटाच्या मागे, भिंतीतला पाइप पाझरत होता. सहा वर्षांपूर्वी बशीएवढा डाग दिसला तेव्हा भिंगसाहेबांनी सवयीने कडेला रेघ मारली, तारीख घातली आणि कुणाला न सांगता कपाट पुन्हा जागेवर सरकवलं. वर्षभरात ओल रेघेपलीकडे गेली. त्यांनी दुसरी रेघ मारली. मग तिसरी. कारखान्यात असता तर तो भाग त्यांनी केव्हाच फेकून दिला असता. पण घरची भिंत फोडायची म्हणजे महिनाभराचा राडा, म्हणून आज करू, उद्या करू चाललं होतं.

त्या खोलीत ठकी झोपायची. त्यांची एकुलती एक लेक, सात वर्षांची, तोंडाचा पट्टा कधी बंद नाही. खोकला आला की तेवढी गप्प व्हायची. चार वर्षांपूर्वी तो खोकला छातीत उतरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं, “घरात कुठे ओल, बुरशी वगैरे?” उशाशी बसलेल्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, घरच्या दुरुस्त्या सगळ्या त्यांच्याकडे. “नाही,” भिंगसाहेब म्हणाले. जगाच्या चुका काढणारा माणूस, आपल्याच घरातली कोणत्या तोंडाने सांगणार? नंतर एकटं गाठून डॉक्टरांना सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. नंतर नंतर करता अकरावा दिवस उजाडला आणि ठकी गेली.

ओलीमुळेच गेली असं कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण आईला कारण हवं होतं, आणि ते तिनं स्वतःतच शोधलं. आजारी पडायच्या आदल्या दिवशी ठकी पिवळा स्वेटर न घालताच शाळेत पळाली होती. “मी मागे धावत जायला हवं होतं,” हे एकच वाक्य बायको चार वर्षं घोळवत होती. स्वेटर अजून तिच्या उशाशी असायचा. “तुझी काही चूक नाही गं,” भिंगसाहेब दर वेळी म्हणायचे आणि तिथेच थांबायचे. त्या थांबण्याचा राग येतो. खरं सांगायचं तर कीवही येते.

आता सामान हलवायला माणसं येणार, कपाट सरकणार, रेघा दिसणार. शनिवारी त्यांनी गुपचूप रंगाचा डबा आणला. फॉर्मवर ‘नाही’ लिहायचं आणि भिंत रंगवून मोकळं व्हायचं. तेवढ्यात घरविक्री बघणाऱ्या बाईंचा फोन आला.

“घेणाऱ्यांना घर फार आवडलंय हो. मागची खोली लेकीला देणार म्हणतात. तीन वर्षांची आहे, आत्तापासून नाचतेय. फॉर्म तेवढा सोमवारी द्या.”

डबा उघडलाच नाही. भिंगसाहेबांनी कपाट ओढलं, भिंतीवरच्या तिन्ही तारखा फॉर्मवर उतरवल्या. एक आकडा चुकवला नाही.

रविवारी दुपारी बायको स्वयंपाकघरात कप कागदात गुंडाळत होती. त्यांनी फॉर्म तिच्यापुढे ठेवला. “सही करायच्या आधी अकरावं पान वाच.”

तिनं वाचलं आणि फॉर्म घेऊन तडक मागच्या खोलीत गेली. भिंगसाहेब मागोमाग गेले. ती भिंतीशी गुडघ्यांवर बसून रेघांवरून बोट फिरवत होती.

“अक्षर तुमचंच आहे.”

“हो.”

“ही शेवटची तारीख, तिला दवाखान्यात नेलं त्याच्या आधीच्या महिन्यातली.”

“हो.”

“डॉक्टरांनी विचारलं होतं. माझ्यासमोर विचारलं होतं.”

“सांगणार होतो गं.”

“कधी?”

प्रत्येक गोष्टीची तारीख ठेवणारा तो माणूस रडायला लागला. तिनं त्यांना रडू दिलं; समजूत घालायला पुढे झाली नाही. चार वर्षं तिचं रडणं त्यांनी कोरड्या डोळ्यांनी ऐकलं होतं, तेच तिला आठवत असावं.

मग तिनं पेन मागून घेतलं, फॉर्म गुडघ्यावर ठेवला आणि आपल्या नावापुढे सही केली. “हा आजच पाठवा. त्यांची पोर इथे झोपायच्या आधी भिंत फोडू दे त्यांना.”

ती दारापर्यंत गेली, वळली.

“अहो, मी हे घर विकत घ्यायला आले असते, तर मलाही सांगितलं असतंत ना?”

उत्तराची वाट न बघता ती स्वयंपाकघरात गेली. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला. भिंगसाहेबांनी दारातून पाहिलं, तर बांधून झालेलं खोकं उघडून ती फक्त स्वतःचे कप दुसऱ्या खोक्यात भरत होती.