मोहाचा वास

चिंधूच्या लेकीचं, तृप्तीचं, लग्न झालं त्याच साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि त्याच हिवाळ्यात रामाकोन्याच्या रस्त्यावर पऱ्हाटीचा कारखाना सुरू झाला. चिंधूला तिथं काम लागलं.

"अजी, उंबऱ्यातच थांबा. शर्ट द्या पहिले," त्याची बायको कलाबाई रोज संध्याकाळी म्हणायची.

चिंधू शर्ट काढून द्यायचा. ती तो अंगणात झटकायची, भुसा उडायचा, मग शर्ट नाकाशी धरायची.

"पऱ्हाटी. अन् थोडीशी तुरीची काडी. बराबर?"

"तुले पोलिसात घ्यायले पायजे होतं," चिंधू म्हणायचा.

चिंधू मशीनच्या तोंडाशी उभा राहायचा. ट्रॅक्टरमधून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, येत, तो त्यांचे भारे आत ढकली, आणि दुसऱ्या बाजूने मनगटाएवढे जाड गट्टू बाहेर पडत. मोठमोठ्या भट्ट्यांमध्ये ते दगडी कोळशाच्या जागी जळत. सगळे त्याला सफेद कोयला म्हणत. रंग मात्र गुळासारखा.

पहिल्या साली खरंच भलं झालं. एरवी कापूस निघाला की लोक वावरातच पऱ्हाटी पेटवून देत आणि गावावर धूर बसून राही. कलाबाईला दमा होता. त्या दिवसांत ती भिंतीला टेकून बसल्याबसल्याच झोपायची. त्या साली पऱ्हाटी कारखान्यात गेली, आभाळ स्वच्छ राहिलं आणि कलाबाई अंथरुणावर आडवी होऊन झोपली.

"तुमच्या मशीनचं बरं होवो," ती म्हणाली.

पण पऱ्हाटी होळीपर्यंतच पुरते. मशीनला बारा महिने खायला लागतं.

"बाभूळ हाये हे," एका संध्याकाळी ती म्हणाली. पुढे एकदा, "संत्रा. कोणाचा बगीचा तोडला?"

"वाळला होता तो."

"असन."

एक दिवस मशीनमध्ये आंबा गेला. त्या संध्याकाळी ती शर्ट नाकाशी जरा जास्त वेळ धरून राहिली, इतकंच.

दुसऱ्या सालच्या फाल्गुनात तिला कळलं की गावातल्या पुंडलिकरावांनी आपल्या बांधावरचं मोहाचं झाड कारखान्याला विकलं. झाड त्यांचं होतं, पण कलाबाई नवरी होऊन आली तेव्हा त्यांच्या आईने तिला सांगितलं होतं, याची फुलं तू वेचत जा. तेव्हापासून चैत्र लागला की ती पहाटे टोपली घेऊन निघायची. तृप्तीचा झोकाही त्याच झाडाला बांधला होता.

"एकडाव बोलून तं पाहा," ती म्हणाली. "तुमचं ऐकतीन ते."

चिंधू गेला. पुंडलिकराव ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चिंधू, तू मले सांगून राहिला? मशीनच्या तोंडाशी कोण उभं राह्यते? झाडं येणं बंद झालं तं पहिले घरी कोण बसन?"

चिंधू उठायला लागला.

"कलाबाईले सांग, दुसरं झाड लावू. अन् बस, च्या घेऊन जा."

तो चहा न घेता उठला. कारखान्यातला सुपरवायझर वैभव भला माणूस होता. चिंधूने त्याच्याजवळही विषय काढला.

"काका, दगडी कोयला जमिनीत पुन्हा उगवते का? झाड उगवते. म्हणून तं हे चांगलं म्हणतात."

चिंधूने मान हलवली. साठीला आलेल्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?

मोह आला तो कापून, फांद्यांसकट. कळ्या धरल्या होत्या. एका जाड फांदीला दोराने पडलेली खाच होती. चिंधूने तिच्यावर हात ठेवला. मशीन चालूच होतं.

"काका, सरकवा ना. मागं लाइन लागून राहिली," वैभवने हाक दिली.

चिंधूने फांदी सरकवली.

घरी जाताना तो नाल्यात उतरला. दुकानातून साबणाची वडी घेतली होती. शर्ट घासून घासून धुतला आणि ओलाच अंगात घातला.

कलाबाईने उंबऱ्यात हात पुढे केला. ओला शर्ट तिने सवयीने नाकाशी नेला.

"साबणाचा वास येऊन राहिला."

"घाम लय आला होता."

"आला असन," ती म्हणाली आणि शर्ट दोरीवर टाकला.

त्यानंतर तिने कधी शर्ट मागितला नाही. चिंधू आपला आपणच अंगणात झटकून आत यायचा. चैत्रात टोपली खुंटीलाच टांगलेली राहिली. पुढच्या हिवाळ्यात गावावर धूर नव्हता, पण कारखान्याचा बारीक भुसा वाऱ्यावर येई. ती पुन्हा भिंतीला टेकून झोपू लागली. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून दूर ठेवा. दूर म्हणजे कुठे, हे चिंधूला विचारता आलं नाही.

कलाबाईला घाटावर आणलं, तिथं गजानन सरण रचायचं काम करी. त्याने पोती सोडली.

"लाकडं कुठी राह्यले आता, भाऊ. सफेद कोयला हाये. चांगला जळते, अन् झाडंही वाचतात."

चिंधूने एक गट्टू उचलला आणि नाकाशी धरला.

"बाबूजी, काय पाहून राहिले?" तृप्तीने विचारलं.

"काही नाही."

त्याने दुसरा उचलला, मग तिसरा. सगळ्यांना मशीनचा तोच एक करपट वास होता. कशात काय गेलं होतं, ते आता ओळखू येत नव्हतं. ते कलाबाईलाच जमलं असतं. त्याने तिन्ही गट्टू तिच्या पायाशी हलक्या हाताने ठेवले.

कलाबाई दोन हजार सव्वीसच्या जानेवारीत, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, सकाळी वारली.