दर्भाचा कावळा

सकाळी नगरसेविका रुतिका भोईर तुंबलेल्या गटारावरून जुंपलेलं दोन बिऱ्हाडांचं भांडण मिटवत होती. बायकांना बायकांशी लग्न करू द्या, अशी भर सभेत मागणी करणारी ही बाई. पण लोक तिच्याकडे यायचे ते गटारासाठीच. तिला ते चालायचं.

तिथून ती खाडीवरच्या घाटावर गेली. शुभदाचा दहावा होता.

शुभदा आणि ती सीवूड्सच्या घरात जोडीनं राहत. उन्हाळ्यात, आई आजारी आहे असं सांगून भावानं, अंकुशनं, शुभदाला कोळीवाड्यात नेलं आणि तळोज्याच्या एका घरात तिचं लग्न लावून दिलं. लग्न झालं की सुधारते म्हणे पोरगी. आता श्रावणात तिनं खाडीत जीव दिला. तेव्हापासून रुतिकाच्या न्हाणीघराच्या दाराशी ओली पावलं उमटत. रुतिका ती पुसत नसे, बाजूनं जाई.

पिंड मांडला. कावळे तिवरांवर बसलेले, खाली एक उतरेना.

"बायकोच्या नावानं अन्नदान करीन," नवरा म्हणाला.

"आयेला सांभालीन," अंकुश म्हणाला.

कावळे ढिम्म.

पक्षाचा हौसेराव रुतिकाच्या कानाशी लागला. "ताई, उद्या तिकिटं वाटतायत. कोणी विचारलं तर मैत्रीण होती म्हणा. विषय संपला."

तेवढ्यात शुभदाची आई, केशरबाई, वळली. "गो रुतिका, पोरीचा जीव कशात अरकलाय, तुला म्हाईत हाय. बोल."

"बोल ना!" अंकुश फिसकारला. "रोज भाषनं ठोकतेस ती!"

रुतिकानं हात जोडले. "शुभदा, तू माझी बायको होतीस. आता मतं मागतानाही हेच सांगेन. पुन्हा कुठली पोर अशी ओढून नेली, तर त्या दारात आडवी पडेन."

हौसेराव फोन कानाला लावून चालता झाला. तिकीट गेलं.

कावळा तरीही आला नाही.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चहा आला.

केशरबाई मात्र उठली नाही. "तिला सबूद नको. करून दाव," ती म्हणाली.

"अपक्ष उभी राहते, आई. घरोघर जाऊन सांगते."

म्हातारीनं पाण्याकडे पाहिलं.

"मंग पयला दार माझाच ठोक. शालू मीच नेसवला व्हता तिला. रडत व्हती, तरी नेसवला."