पहिली गोळी ताईची

टेबलावर तीन रिकाम्या बाटल्या होत्या, वाळवलेल्या दह्याच्या खड्यांची एक पुरचुंडी होती, आणि माझ्या हातात नोर्जमाच्या रक्ताचा अहवाल. बाटल्यांत एकही गोळी उरली नव्हती. रक्तात औषधाचा अंशही नव्हता. मी तपासणी पुन्हा केली होती; निकाल तोच आला.

नोर्जमा तिकडे गवताळ मुलखातल्या एका शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. इथे राजधानीत, उलानबातरला यायला बसचा अख्खा दिवस जातो. तिच्या यकृतात कर्करोगाची गाठ आहे. आई आणि दोन भाऊ त्याच दुखण्याने गेले. जंतांवरचं एक जुनं औषध या गाठीची वाढ रोखतं का, हे आम्ही रुग्णालयातल्या एका चाचणीत पाहत होतो. औषधाचं नाव ऐकून ती पहिल्याच भेटीत हसली होती. हेच आम्ही वसंतात मेंढ्यांना पाजतो, म्हणाली. अर्ध्या मेंढ्या थुंकून टाकतात.

तिनेही थुंकलं असणार, असं मला वाटलं. जरा कडक आवाजातच मी विचारलं, गोळ्या गेल्या कुठे.

"घेतल्या की. रोज एक." तिने पुरचुंडी माझ्याकडे सरकवली. "खा गं. हडकली आहेस."

"नोर्जमाताई, कुणी घेतल्या?"

ती खिडकीकडे वळून म्हणाली,

"घरात थोरलं माणूस असताना आपण आधी कसं तोंडात घालायचं? पहिला चहा ताईचा, पहिला घास ताईचा. बाटली उघडली की पहिली गोळीही ताईचीच."

"आणि दुसरी?"

"दुसरी कुठे दिलीत? रोज एकच म्हणालात."

मी खुर्ची ओढून बसले. तिची थोरली बहीण त्सेरेनखंद बाहेर बाकावर होती. तिलाही तशीच गाठ, पण वय चाचणीच्या अटीपेक्षा जास्त, म्हणून तिला आम्ही औषध दिलं नव्हतं.

सकाळच्या सोनोग्राफीत काय दिसलं ते मी नोर्जमाला सांगितलं. हिवाळ्याआधी तिची गाठ तीन पूर्णांक चार सेंटीमीटर होती, आता पाच पूर्णांक एक. तिने मान हलवली, आणि मग विचारलं,

"म्हणजे ताईची गोळी आता बंद?"

ताईंना हे माहीत आहे का, मी विचारलं.

"तिला वाटतं, तुम्ही मला दोन देता. सांगू नकोस हं. अजून कान पिळते माझे."

मी डॉक्टरांना बोलावून सगळं सांगितलं. रिकाम्या बाटल्या त्यांनी एकेक करून उलट्या केल्या, जणू आत काही राहिलं असेल.

तेवढ्यात त्सेरेनखंदने दार ढकललं. "बस सुटेल ना गं. का या पोरीला कणीक मळायला शिकवतेस?"

डॉक्टरांनी तिला, आलाच आहात तर तुमचंही पोट पाहून घेऊ, असं म्हटलं. ती कुरकुरत खाटेवर बसली. नोर्जमाने वाकून तिचे बूट काढले आणि ते छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

हिवाळ्याआधी, गावात फिरत्या पथकाने तपासलं तेव्हा, त्सेरेनखंदची गाठ चार पूर्णांक सहा सेंटीमीटर भरली होती.

डॉक्टरांनी दोनदा मोजलं. चार पूर्णांक चार.