लाल दोऱ्याची खूण

“दोर सोड आई, गाडी दाराशी उभी आहे,” लेक म्हणाली.

“सोडते की. मग खाली झाडणारीच्या टाळक्यात पडदा पडला, तर तो तू उचल.”

आमच्या नाटकघराचा पडदा आडदांड. हातानेच ओढायचा, हातानेच उतरवायचा. नवरा होता तोवर त्याचं काम. तो गेल्यापासून एकोणीस वर्षं माझं. रंगमंचाखालची खोली त्या दोराबरोबरच मिळालेली. खिडकी वीतभर, तीही अर्धीच उघडते.

लेकीनं तिच्या घरी तळमजल्यावर माझ्यासाठी खोली केलीय. हे तिसरं बोलावणं. “चौथ्यांदा येणार नाही,” असं बजावूनच आली होती. तिचंही खरं. मी जिना चढले की माझे गुडघे शेजाऱ्यांना ऐकू जातात.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. पाडायला काढलेलं हे नाटकघर लोकांनी भांडून वाचवलं, त्यात हे पुढे. पण वाचवलं ते आहे तसंच ठेवायच्या अटीवर. खिडकी मोठी करायची नाही, पडद्याला मोटर लावायची नाही.

“आजींना कुठे नेता? त्याही वारशातच आल्या,” ते हसले.

“मग माझ्याही कपाळावर पाटी ठोका.”

“तसं नाही हो. पण पडदा नेमका थांबवणं तुमच्याशिवाय कुणाला येतं?”

खरं काय ते मलाच ठाऊक. नवऱ्यानं दोराला लाल दोऱ्याची खूण बांधली होती. ती हाताला लागली की थांबायचं, एवढीच विद्या. तो गेला, नाटकघरवाले खोली रिकामी करा म्हणाले, तेव्हा ती खूण मी कात्रीनं कापली; पिळात एकच धागा ठेवला, माझ्याच बोटाला कळेल असा. नव्या माणसानं पडदा धाडकन आपटला, पुढचे दिवे फुटले. दुसऱ्या दिवशी सगळे हात जोडून माझ्या दारात. तेव्हापासून लोक म्हणतात, असा हात पुन्हा होणे नाही. मी म्हणू देते.

लेक गाडीकडे वळली.

“थांब गं!”

झाडणारीला बाजूला बोलावलं. पडदा रंगमंचाच्या फळ्यांपासून बोटभर उरेपर्यंत उतरवला. पडदा शिवायचा दोरा कमरेला असतोच. हाताखालच्या जागी दोन वेढे देऊन गाठ मारली.

“सेक्रेटरी, खूण मी कापली होती. माझ्या हातात काही नाही.”

त्यांचं हसू मावळलं. “एकोणीस वर्षं, आजी?”

“घर जात होतं माझं.”

पडदा वर ओढला, दोर झाडणारीच्या हाती दिला आणि लेकीबरोबर पुढच्या खुर्चीत जाऊन बसले. इतक्या वर्षांत पडदा समोरून पाहिलाच नव्हता. त्यावर नदी आहे, एवढं ऐकून होते.

पडदा उतरला. फळ्यांच्या बोटभर वर अलगद थांबला.

“अरे, हे तर कुणालाही जमेल!” सेक्रेटरी म्हणाले.

माझ्या मुठी मांडीवर तशाच, दोराएवढ्या मिटलेल्या. लेकीनं एकेक बोट सोडवलं.

“चल ना. काय शोधतेस?”

“माझी ठिगळं. मागून पंचवीस तरी घातलीत.”

नदीत एकही दिसत नव्हतं.